नागपूरच्या हवेत टिकणारी गिटार घडवून घेताना

माझी पहिली चांगली गिटार एप्रिलमधल्या एका रात्री तडकली. ती पडली नव्हती, कोणाचा धक्काही लागला नव्हता. बैठकीच्या खोलीत स्टँडवर उभी होती. रात्री ‘टक्’ असा आवाज आला आणि सकाळी ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीच्या, मागे टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, केसाएवढी बारीक, दोन बोटं लांब चीर दिसली. समुद्राकाठच्या एका शहरातून भर पावसाळ्यात ती मी आणली होती. तिथल्या दमट हवेत फुगलेलं लाकूड आपल्या उन्हाळ्यात आकसलं, आणि आकसायला जागा न मिळाल्यामुळे फाटलं. एवढं साधं कारण कळायला मला बरेच महिने लागले.

पुढे काही वर्षांनी कारागिराकडून गिटार घडवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अर्धं पान नागपूरच्या मे महिन्यावरच होतं. ते अर्धं पान लिहिलं म्हणून आज ती गिटार धड आहे. पहिल्यांदाच हाताने घडवलेली अकूस्टिक गिटार सांगणाऱ्यांसाठी, म्हणजे ऑर्डर देऊन करवून घेणाऱ्यांसाठी, हा लेख आहे. अशी गिटार घडवणाऱ्याला लुथियर म्हणतात. मी मात्र कारागीरच म्हणणार आहे, तोच शब्द तोंडी बसलेला आहे.

आधी हातातली गिटार नीट करून घ्या

कित्येक जण नवी गिटार सांगायला निघतात, कारण जुनीवर बोटं दुखतात. बोटं दुखण्याचं कारण बहुतेक वेळा अ‍ॅक्शन असतं, म्हणजे तारा आणि फ्रेटबोर्ड (नेकवरची, धातूच्या आडव्या फ्रेट-पट्ट्या बसवलेली फळी) यांच्यामधलं अंतर. बाराव्या फ्रेटवर जाड सहावी तार साधारण अडीच मिमी आणि बारीक पहिली तार पावणेदोन-दोन मिमी उंच असेल, तर स्टीलच्या तारांची गिटार बहुतेकांना सुखाची वाटते. चार मिमी असेल तर कोणाचीही बोटं सोलतील. स्टीलची पट्टी घेऊन आजच मोजा. जाणत्याकडून नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) आणि ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली लोखंडी सळई) नीट करून घ्यायला फार खर्च येत नाही. त्यानंतर दोन-तीन महिने वाजवा. तेवढ्यानंतरही मनात काही उणं राहिलं, तर ते उणं नेमकं काय आहे हे तुम्हाला शब्दांत सांगता येईल, आणि कारागिराला तेच हवं असतं.

तंबोऱ्याचा प्रश्न गिटारला विचारा

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेल्या कोणालाही विचारा. कारागीर सुरुवातीलाच विचारतो, गाणार कोण, पट्टी कोणती? पुरुषाचा तंबोरा मोठा, बाईचा त्याहून लहान. भोपळा केवढा, दांडी केवढी, तारा कोणत्या, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं. मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. गिटार सांगतानाही सुरुवात इथूनच करावी.

तुम्ही नखांनी किंवा बोटांनी एकेक तार छेडता, की प्लेक्ट्रमने (हातातल्या छोट्या चपट्या तुकड्याने) सगळ्या तारांवर जोरात स्ट्रम करता? एकटे वाजवता, की गाणाऱ्याच्या साथीला? भावगीतांना साथ करणाऱ्याला गाण्याच्या जागेत न घुसणारी गिटार हवी, म्हणजे खालचा सूर फार घुमणारा नको. भजनी मंडळात टाळ-मृदंगाच्या सोबतीला बसणाऱ्याला ऐकू जाईल असा खणखणीतपणा हवा. रात्री लेकरं झोपल्यावर हलक्या हाताने वाजवणाऱ्याला, अलगद स्पर्शालाही बोलणारं वाद्य हवं. या तिघांच्या गिटार वेगवेगळ्या असतात, आकारानेसुद्धा.

आकाराबद्दल थोडं. दुकानात दिसणारी रुंद कमरेची मोठी गिटार म्हणजे ड्रेडनॉट. ही रचना अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिट्सन नावाच्या दुकानासाठी केली आणि त्या काळच्या एका युद्धनौकेवरून तिला नाव मिळालं. स्ट्रमिंगला ती भक्कम. मांडी घालून बसणाऱ्याला मात्र तिची खोली काखेत टोचते आणि उजवा खांदा वर चढतो. आपल्याकडे गादीवर, सतरंजीवर, पलंगावर बसून वाजवणारे खूप आहेत. त्यांनी कमरेत बारीक असलेल्या ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) किंवा त्याहून लहान आकाराचा विचार करावा. बोटांनी वाजवायला या आकारात सूर समतोल येतात. ज्या आसनात रोज वाजवता, त्याच आसनात बसून दोन्ही आकार अर्धा-अर्धा तास वाजवून पाहा. सीताबर्डी किंवा सदरच्या दुकानात स्टुलावर बसून पाच मिनिटांत याचा निकाल लागत नाही. मित्राची गिटार दोन दिवस घरी आणा.

मापं

कारागिराला आकड्यांत सांगाल तेवढं बरं. मुख्य मापं तीनच. पहिलं, स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेची वाजणारी लांबी. २५.४ इंच हे लांब माप आणि २४.९ इंच हे आखूड, दोन्ही सर्रास वापरात आहेत. आखूड मापावर त्याच तारा थोड्या मऊ लागतात आणि बोटं कमी ताणावी लागतात. दुसरं, नटची रुंदी. ४३ मिमी नटवर तारा जवळजवळ असतात, बारवाले कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) सोपे जातात. ४४.५ मिमी नटवर बोटांनी वाजवताना शेजारची तार दबत नाही. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला ही रुंदी साधारण ५२ मिमी असते, तेव्हा क्लासिकलची सवय असेल तर आधीच सांगा. तिसरं, नेकची जाडी आणि गोलाई. हे आकड्यांत सांगणं अवघड जातं. आवडलेल्या नेकवर जाड कार्डबोर्ड ठेवून गोलाई कापून घ्या आणि तो तुकडाच पाठवा. सुतारकामात असाच फर्मा वापरतात, कारागिराला तो बघताक्षणी कळतो.

हाताचा फोटोही पाठवा. बोटं पसरून, शेजारी पट्टी ठेवून.

कारागीर निवडताना

भारतात हाताने अकूस्टिक गिटार घडवणारे मोजके आहेत, आणि बहुतेकांकडे तुम्हाला दुसऱ्या शहरात जावं लागेल. त्यात नागपूरकरांची एक सोय आहे. मुंबई, हावडा, चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली, कुठेही जायला आपल्या स्टेशनवरून थेट गाडी मिळते. एक रात्र प्रवास करून जा, पण गिटार सांगण्याआधी जाऊन याच.

गेल्यावर तयार गिटार वाजवून पाहा. सोबत ऐकायला कोणाला तरी न्या, कारण वाजवणाऱ्याला आणि समोर बसलेल्याला वेगळा आवाज ऐकू येतो. साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आत मोबाइलचा टॉर्च टाका. ब्रेसिंगच्या, म्हणजे टॉपला आतून आधार देणाऱ्या, पट्ट्या नीट तासलेल्या आहेत का, गोंदाचे ओघळ आहेत का, हे आतून कळतं. बाहेरची चकाकी सगळेच नीट करतात. सहा तारा मिळून टॉपवर सत्तर किलोंहून जास्त ताण असतो आणि टॉपची जाडी जेमतेम अडीच-तीन मिमी. हा ताण पेलायचा, तरी फळीला थरथरू द्यायचं, असा दोन्हींचा मेळ त्या पट्ट्यांतून साधावा लागतो. स्टीलच्या गिटारमध्ये दिसणारी इंग्रजी एक्स अक्षरासारखी मांडणी मार्टिनच्या कार्यशाळेत १८४० च्या दशकात पुढे आली. क्लासिकलमध्ये पंख्यासारखी मांडणी असते, ती स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात पक्की केली.

कारागिराने आधी विकलेली, किमान तीन वर्षं जुनी गिटार कोणाकडे आहे ते विचारा आणि शक्य असेल तर त्या माणसाशी बोला. नवी गिटार सुंदर असतेच. तीन उन्हाळे काढल्यावर नेक कसा आहे, ब्रिजच्या मागे टॉप किती फुगला, गरज पडली तेव्हा कारागिराने फोन उचलला का, हे तोच सांगू शकतो.

आणि कारागिराला हा प्रश्न विचाराच: “तुमच्या कार्यशाळेत आर्द्रता किती राखता, आणि ती कशी मोजता?”

नागपूरची हवा, आणि ती का सांगायची

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. घेताना फुगतं, सोडताना आकसतं. हे फुगणं-आकसणं रेषांच्या आडव्या दिशेने होतं, लांबीत जवळजवळ नाही. आता टॉपकडे पाहा. फळीच्या रेषा उभ्या आणि आतल्या ब्रेसिंगच्या पट्ट्या त्यांना आडव्या-तिरप्या चिकटवलेल्या. फळी रुंदीत आकसू पाहते, पट्ट्या तिला धरून ठेवतात. ताण असह्य झाला की फळी रेषेवरूनच फाटते. माझी चीर हीच होती.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ, दिवसांत पारा ४५ च्या पुढे सरकतो आणि सकाळी धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. तीच हवा ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर असते आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एवढा फरक समुद्राकाठच्या शहरांना माहीत नाही. तिथली हवा वर्षभर दमट राहते.

म्हणूनच कार्यशाळेची आर्द्रता विचारायची. गिटारची पेटी ज्या आर्द्रतेत चिकटवली, तो तिचा जन्माचा मुक्काम. जगभरचे जाणते कारागीर ४० ते ५० टक्क्यांमध्ये काम करतात. किनाऱ्यावरच्या एखाद्याने डीह्युमिडिफायर न लावता ७५ टक्क्यांत पेटी जोडली, तर ती गिटार त्याच्या गावात आयुष्यभर छान राहील आणि आपल्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात चिरेल. ४५ टक्क्यांच्या आसपास जोडलेली गिटार पावसाळ्यात थोडी फुगते. तिची अ‍ॅक्शन वर जाते, आवाज जरा बसतो, पण ती फुटत नाही. फुगलेली गिटार पुन्हा जागेवर येते. चीर पडली की दुरुस्तीच करावी लागते. म्हणून नागपूरसाठी सांगताना कोरड्या बाजूला झुकूनच सांगावं. ‘लाकूड चांगलं वाळवलेलं असतं’ एवढंच उत्तर मिळालं, तर मी तिथे गिटार सांगणार नाही. लाकूड वाळवणं आणि जोडतानाची हवा राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. नीट काम करणाऱ्याच्या भिंतीवर आर्द्रतामापक लावलेला दिसतो आणि त्यावरचा आकडा त्याला तोंडपाठ असतो.

तुमच्या खोलीबद्दलही लिहा. आपल्याकडे कूलर असतो, आणि गिटारच्या बाबतीत कूलर हे अवघड प्रकरण आहे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा बंद खोलीत आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर नेते. सकाळी कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या की दुपारपर्यंत ती पुन्हा विशीत. रोज रात्री फुगायचं, रोज दुपारी आकसायचं, असं तीन महिने. एकाच दिशेच्या हवेपेक्षा हे हेलकावे लाकडाला जास्त दमवतात. एसीची खोली त्या मानाने स्थिर, पण कोरडी. माझा नेम असा: मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत गिटार हार्ड केसमध्ये, केसमध्ये ओल्या स्पंजची डबी आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान ठेवायचा. वाजवायला काढायची, वाजवून झाली की परत आत. स्पंज पिळून ठेवायचा, लाकडावर पाण्याचा थेंबही पडता कामा नये. पावसाळ्यात स्पंज काढून त्या जागी सिलिका जेलच्या पुड्या.

कारागिराकडून तीन गोष्टी मागून घ्या. दोन्ही बाजूंनी फिरणारा ट्रस रॉड, म्हणजे नेक पुढे वाकला किंवा मागे गेला तरी सरळ करता येईल. बोल्टने जोडलेला नेक, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी कोन बदलावा लागला तर उघडणं सोपं. आणि एकाऐवजी दोन सॅडल, एक उन्हाळ्याचं आणि एक पावसाळ्याचं. उन्हाळ्यात टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटवर घासून झणझणतात, तेव्हा किंचित उंच सॅडल. पावसाळ्यात टॉप वर येतो, तेव्हा किंचित बुटकं. तारा सैल करून सॅडल बदलायला दहा मिनिटं लागतात. घडवतानाच दुसरं करून घेतलं तर कारागिराला ते काहीच जड जात नाही.

लाकूड

यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला विचाराल तर आवाजाचा मोठा वाटा टॉपचा आणि कारागिराच्या हाताचा. बॅक (मागची फळी) आणि साइड्सचं (बाजूच्या पट्ट्यांचं) लाकूड त्यानंतर.

टॉपसाठी मुख्यतः स्प्रूस किंवा सीडर, दोन्ही थंड प्रदेशातली सूचिपर्णी झाडं, दोन्ही बाहेरून येणारी. सिटका स्प्रूस कडक, जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही, आणि वाजवत राहिलं की काही वर्षांत खुलत जातो. सीडर पहिल्या दिवसापासून मऊ, उबदार बोलतं, हलक्या हाताला लगेच साद देतं, पण नखाचा ओरखडाही त्यावर उमटतो. एंगलमन स्प्रूस या दोघांच्या मध्ये. फळी कोणतीही असो, ती क्वार्टर-सॉन हवी, म्हणजे कडेकडून पाहिलं तर वर्षवलयांच्या रेषा ताठ उभ्या दिसायला हव्यात. अशी फळी हवेतल्या बदलाने कमी वळते.

बॅक आणि साइड्ससाठी आपल्याजवळच जगात नावाजलेलं लाकूड आहे. ज्याला सगळीकडे इंडियन रोझवूड म्हणतात, ती आपली शिसव. खर्जाला खोली आणि सुरांची लांब आस देते. महोगनी त्याहून कोरडी आणि स्पष्ट, साथीला उत्तम. तंबोऱ्या-सतारीत वापरलं जाणारं तून हे महोगनीच्याच कुळातलं, हलकं. काही कारागीर ते गिटारलाही वापरतात. मला ते मनापासून आवडतं.

लकडगंजच्या आरा मशीनवर चौकशी केलीत तर पहिला सल्ला हाच मिळेल, “सागवान लावा न भाऊ, बल्लारशाचं. पिढ्यान्‌पिढ्या काही होत नाही त्याले.” बल्लारपूर-आलापल्लीच्या सागवानाचा आपल्याला अभिमान आहेच, आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेलं. दारं-खिडक्यांना त्याच्या तोडीचं लाकूड नाही. पण टॉपला ते जड पडतं, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याआधी पृष्ठभाग खास पुसून घ्यावा लागतो. बॅक-साइड्सना सागवान वापरता येतं, पण असं काम आधी केलेल्या कारागिराकडूनच. आजोबांच्या वाड्यातली तुळई गिटारमध्ये यावी अशी इच्छा असेल, तर तिचा वापर हेडस्टॉकवरच्या (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकावरच्या) पातळ पापुद्र्यात किंवा साउंडहोलभोवतीच्या नक्षीत करून घ्या. आठवण राहते आणि आवाजाला धक्का लागत नाही.

फ्रेटबोर्डला शिसव किंवा एबनी. एबनी म्हणजे आपल्याला ओळखीच्या टेंभुर्णीची बहीण. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात विडीसाठी जिची तेंदूपानं तोडतात, तिचं कूळही तेच आणि खोडाचा गाभाही तसाच काळा. बाजारात येणारी एबनी मात्र बहुधा आफ्रिकेतली असते.

मुलं परदेशात असतील आणि गिटार घेऊन कधी त्यांच्याकडे जायचं असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. वन्यजीव व्यापाराच्या सायटिस करारात जानेवारी २०१७ पासून शिसवीचं सगळं कूळ आलं. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला ही सूट नाही, त्याच्यावर १९९२ पासून सर्वांत कडक बंदी आहे. कोणी ‘जुना साठा आहे’ म्हणून ते लाकूड देऊ केलं, तरी नको म्हणा.

बारीकसारीक, पण आधीच सांगायचं

नट आणि सॅडल बहुधा जनावराच्या हाडाचे असतात आणि जुन्या पद्धतीचा गोंद कातड्यापासून बनतो. घरात हे चालणार नसेल तर संकोच न करता पहिल्याच बोलण्यात सांगा. कृत्रिम नट-सॅडल आणि आजचा पांढरा-पिवळा लाकडी गोंद वापरूनही उत्तम गिटार होते.

फिनिशमध्ये लाखेचं फ्रेंच पॉलिश अतिशय पातळ असतं, टॉपला मोकळं ठेवतं. पण लाख उष्णतेने आणि घामाने मऊ पडते. मेमध्ये उघड्या दंडाने वाजवलं की तिथे फिनिश चिकट होतं, सॅनिटायझरचा थेंब पडला तर डाग राहतो. नागपूरच्या रोजच्या वापरासाठी मी टॉपला पातळ लॅकरचं फिनिश सुचवेन.

स्टेजवर वाजवणार असाल तर पिकअप, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरकडे नेणारं उपकरण, आत्ताच ठरवा. ब्रिजखाली आतून चिकटवायचे पिकअप पेटीला मोठं भोक न पाडता बसतात. बाजूला बटणांचा पॅनल हवा असेल तर साइडला खिडकी कापावी लागते, आणि हाताने वाकवलेल्या शिसवीच्या साइडला खिडकी कापणं मला पाहवत नाही.

पैसे आणि कागद

हाताने घडवलेल्या गिटारची किंमत बहुतेकदा लाखाच्या पुढे जाते. प्रतीक्षा काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत असू शकते. चांगल्या कारागिराकडे रांग असतेच. सगळे पैसे आधी देऊ नका आणि कोणी तसे मागितले तर थांबा. नंबर लावताना आगाऊ रक्कम, लाकूड निवडून काम सुरू होताना दुसरा हप्ता आणि गिटार वाजवून पाहिल्यावर उरलेले, ही पद्धत दोघांनाही बरी.

तोंडी बोलणं कितीही गोड झालं असलं तरी सगळं एका पानावर लिहून दोघांनी मान्य करा. त्यात मापं, लाकडं, फिनिश, पिकअप, केस किमतीत आहे की वेगळी, जीएसटी धरून किंमत आहे का, काम कधी सुरू होऊन कधी संपणार, उशीर झाला किंवा तुम्ही माघार घेतली तर आगाऊ रकमेचं काय, हे सगळं यावं. वॉरंटीत आर्द्रतेची अट असते, ती नीट वाचा. जोडकामाची, नेकची, ब्रिजची हमी कारागीर देऊ शकतो. ‘आवाज मला आवडेल’ याची हमी कोणीच देऊ शकत नाही, तशी मागूही नये. म्हणून तर त्याच्या दोन-तीन गिटार आधी ऐकायच्या.

घडत असताना

शंभर-दीडशे तासांचं काम असतं आणि ते सलग होत नाही. गोंद, फिनिश, लाकूड, प्रत्येकाला मुरायला वेळ द्यावा लागतो. महिन्याकाठी एखादा फोटो मागा. रोज विचारू नका. पेटी बंद होईपर्यंत ब्रेसिंगबद्दल, नेक तासून होईपर्यंत जाडीबद्दल बोलता येतं. त्यानंतर बदल सुचवणं म्हणजे केलेलं काम मोडायला सांगणं. इंटरनेटवर एखादी सुंदर गिटार दिसली म्हणून मध्येच कटवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून पेटीला दिलेली खाच) किंवा दुसरं लाकूड सुचवायचा मोह होतो. तो आवरा.

घरी आणणं

गिटार एप्रिल-मेमध्ये आणू नका. कारागीर म्हणाला मे, तर त्याला दिवाळीपर्यंत ठेवून घ्यायची विनंती करा. ऑक्टोबरचं ऊन उतरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतची हवा नव्या गिटारला सगळ्यात मानवते, आणि उन्हाळ्याआधी तिची खोलीशी ओळख होते.

शक्यतो स्वतः जाऊन आणा. रेल्वेने येताना गिटार आपल्या बर्थवर, खालच्या लोखंडी जागेत नाही. कुरिअर करावंच लागलं तर हार्ड केस, केसमध्ये नेकला आणि हेडस्टॉकला आधार, तारा एक-दोन सूर उतरवलेल्या आणि बाहेरून दुसरा खोका. विमा काढाच. उन्हात उभ्या बंद गाडीच्या डिकीत गिटार दहा मिनिटंही ठेवू नका. तिथल्या तापमानाला गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज उचलला जातो.

घरी आल्यावर केस लगेच उघडू नका. काही तास खोलीत राहू द्या. मग दिवसाउजेडात पाहा: फ्रेटची टोकं बोटाला टोचतात का, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर स्वच्छ वाजते का, बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथला हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतात का. काही वाटलं तर त्याच आठवड्यात फोटोसह कळवा. ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा असतो. तारांचा ताण आहे, तेवढा असायलाच हवा.

पहिलं वर्ष

एक वही ठेवा. दर पंधरा दिवसांनी तारीख, खोलीतली आर्द्रता आणि बाराव्या फ्रेटवरची सहाव्या तारेची उंची, एवढंच लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावर ती वही घेऊन गिटार कारागिराला दाखवा. बहुतेक कारागीर पहिल्या वर्षानंतरचा सेटअप आनंदाने करून देतात, आणि वहीतले आकडे पाहिले की कोणतं सॅडल किती घासायचं हे त्याला विचारावंही लागत नाही. जुनी प्लायवूडची गिटार असेल तर विकू नका. फुटाळा तलावावर, सहलीला, लग्नाच्या मांडवात तीच न्यायची, कारण प्लाय या हवेला फारसं जुमानत नाही.

फ्रेटची टोकं मार्चमध्ये टोचायला लागली, तर ती पहिली सूचना समजा. धातू जागेवर आहे, फ्रेटबोर्ड रुंदीत आकसला आहे, आणि टॉपही त्याच वाटेवर आहे. त्याच संध्याकाळी स्पंज ओला करून केसमध्ये ठेवा, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत दर दोन दिवसांनी तो पुन्हा ओला करत राहा.